कंबर धरली? दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे. सकाळी शटर वर केलं की बाकावरचा पहिला पेशंट बहुतेक वेळा कंबरेचाच असतो. प्रश्नही ठरलेले, फक्त विचारणारा बदलतो. तेच इथे लिहून काढले आहेत, ज्या शब्दांत लोक विचारतात जवळपास त्याच शब्दांत.

काल सकाळी बेसिनवर वाकून दात घासत होतो, कट्कन झालं आणि कंबर धरली. आत काही तुटलं का?

बहुधा नाही. ज्याला आपण उसण भरणं, लचक, चमक म्हणतो ते हेच. गंमत अशी की सिलिंडर उचलून तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्याला काही होत नाही आणि त्याच माणसाची कंबर चप्पल घालायला वाकल्यावर अडकते. गेल्या पावसाळ्यात एक जण रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा पडून आला होता. बायको पुढून रिक्षावाल्याला "हळू, खड्डा आहे" सांगत होती. घाम फुटलेला, पाठ एका बाजूला वाकडी. तपासलं तर पायात ताकद पूर्ण, बधिरपणा नाही, लघवी व्यवस्थित. नवव्या दिवशी तोच माणूस गाडी चालवत आला.

कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के पेशंटमध्ये अमुक एका मण्याकडे किंवा नसेकडे बोट दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, दोन मणक्यांमधली गादी (डिस्क), कुठेतरी काहीतरी चिडलेलं असतं आणि भोवतीचे स्नायू घट्ट होऊन कंबर जखडून टाकतात. वेदना प्रचंड असते, इजा मात्र तेवढी नसते. बहुतेकांना दोन आठवड्यांत बराच फरक पडतो आणि सहा आठवड्यांत ते कामाला लागलेले असतात.

मग डॉक्टरकडे धावत कधी जायचं?

हे नीट वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिर वाटू लागलं, किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय असं वाटलं, तर उद्याची वाट बघू नका. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुपका असतो, तो दाबला गेलेला असू शकतो. हा तासांचा हिशेब असतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. लोक कंबर सांगतात, लघवीचं सांगायला लाजतात, म्हणून मी स्वतःच विचारते.

एका पायाचा पंजा वर उचलता येईना, चालताना चप्पल निसटते, असं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेली कंबरदुखी वेगळी. वयस्कर बाईला तर साधा हिसकाही पुरतो. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या आजी खड्ड्यात आदळतात आणि ठिसूळ झालेला मणका चेपतो. "फक्त आपटले गं जरा" म्हणून त्या तीन आठवडे घरीच शेकत बसतात. अशा वेळी एक्स-रे हवाच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, मणक्याचा टीबी. दुखणं कमी होण्याऐवजी आठवड्यागणिक वाढतंय, रात्री आडवं पडूनही थांबत नाही, वजन उतरतंय, भूक मेलीय, संध्याकाळी कणकण येते, यातलं काही असेल तर तपासणी करून घ्या. ताप नसला म्हणजे टीबी नाही असंही नाही. औषधं सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात, कोर्स वर्षभर किंवा त्याहून लांब चालतो आणि वेळेत सुरू केला तर माणूस बरा होतो. पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील, तर तेही डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

आणि कंबर न धरता एका कुशीतून कळा जांघेपर्यंत उतरत असतील, माणूस एका जागी पडून राहूच शकत नसेल, तर तो मुतखडा असण्याची शक्यता जास्त. त्याला माझ्याकडे आणू नका.

मुलगा २४ वर्षांचा आहे. सकाळी उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी असते, मग मोकळी होते. जिममुळे असेल का?

चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांच्या वर टिकलेलं, पहाटे जाग आणणारं, आरामाने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं ही वेगळी जात आहे. हा मणक्याचा संधिवात असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून पोरं वर्षानुवर्षं "नीट बसत जा" ऐकत राहतात. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. लवकर कळलं तर चांगली औषधं आहेत.

किती दिवस झोपून राहू?

अगदी हलताच येत नसेल तर एक दिवस, फार तर दोन. तेही सलग नाही, मध्ये मध्ये उठून घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या.

"तीन आठवडे सक्तीची विश्रांती" हा सल्ला आपल्या आईवडिलांच्या पिढीने मनोभावे पाळला. १९९५ साली फिनलंडमध्ये याची सरळ तुलना झाली. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना जमेल तेवढी रोजची कामं करत राहा म्हणून सांगितलं. सर्वांत लवकर सावरले ते तिसऱ्या गटातले. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने ढिले पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मनात भीती घर करते. पंधरा दिवसांनी माणूस उठतो तेव्हा कंबर बरी असते, पण वाकायची हिंमत गेलेली असते.

पलंगावरून उठताना एकदम सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे पोटाकडे घ्या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी वरच्या हाताने गादीवर रेटा देत उठा. पहिले चार दिवस एवढ्यानेही अर्धी किंकाळी वाचते.

एमआरआय काढून टाकू का, एकदाचं कळेल तरी?

वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत नको. पैसे जातात हा भाग वेगळाच. मला जास्त काळजी त्या लिफाफ्यातल्या कागदाची वाटते.

काढला आहे. "डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर दाब" लिहिलंय. डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आलाय, गादी सरकलीय.

म्हणजे गादी चहूबाजूंनी थोडी फुगलीय आणि नसांभोवतीच्या पिशवीला टेकतेय. हे वाक्य मी इतक्या रिपोर्टांवर वाचलंय की ते आधीच छापून ठेवतात की काय अशी शंका येते.

ज्यांची कंबर आयुष्यात दुखत नाही अशा लोकांचेही एमआरआय अभ्यासासाठी काढले गेले आहेत. असे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये आकडे मांडले गेले. अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांमध्ये सुमारे ३० टक्क्यांना गादी फुगलेली होती, पन्नाशीत हे प्रमाण ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. गादीची झीज तर ऐंशी वर्षांच्या जवळपास सगळ्यांमध्येच. केस पांढरे होतात तसंच हे. पांढऱ्या केसांमुळे डोकं दुखतं असं कुणी म्हणत नाही.

"गॅप" हा शब्द तर मला आवडतच नाही. मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी, तिथेच तर गादी असते. आणि गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते. तिचा काही भाग फुगतो, कधी चिरेतून थोडा गर बाहेर येतो, आणि तो गर पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच शोषून घेतं. रिपोर्ट खोटा नसतो, पण तो माणसाला तपासून, त्याच्या तक्रारीशी ताडून वाचायचा असतो. एका शिक्षकांनी "गॅप" शब्द ऐकल्यापासून दोन वर्षं नातीला उचललं नव्हतं. त्यांची कंबर माझ्यापेक्षा लवचीक होती.

गोळी कोणती घेऊ?

पॅरासिटामॉल बहुतेकांच्या घरात असते, पण कंबरेसाठी तिचा भरवसा नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात साडेसोळाशेच्या आसपास लोकांवर अभ्यास झाला. पॅरासिटामॉल घेणारे सरासरी १७ दिवसांत बरे झाले, खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत.

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. जेवणानंतर, कमीत कमी डोस, थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून. बीपीची गोळी चालू असेल, किडनीची तक्रार असेल, हृदयविकार असेल, कधी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मेडिकलवाल्याला "कंबरेची द्या हो एक पत्ती" म्हणून मागून घेणं महागात पडतं. नसेच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन तर हल्ली सरसकट लिहिलं जातं. सायटिकासाठी, म्हणजे नस चिडून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, ते खोट्या गोळीपेक्षा सरस नसल्याचं २०१७ च्या चाचणीत दिसलं आणि गरगरणं मात्र वाढलं. चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा.

गावात एक जण पुडी देतो. दोन तासांत कंबर मोकळी! त्याच्याकडे लांबून लोक येतात.

दोन तासांत जादू करणाऱ्या बिननावाच्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. महिनोन् महिने घेतलं की चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं पोखरतात. म्हणजे ज्या कंबरेसाठी घेतलं तिचेच मणके ठिसूळ. बरेच दिवस घेत असाल तर एकदम सोडणंही धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांकडे जा आणि खरं काय ते सांगा. पुडीही बरोबर न्या.

शेक की बर्फ?

कंबरेला शेक. रबरी पिशवी, गरम वाळूची पुरचुंडी, तव्यावर गरम केलेली निर्गुडीची पानं, तुम्हाला जे बरं वाटेल ते. पंधरा-वीस मिनिटं. डायबेटिस असलेल्यांनी आधी दुसऱ्याच्या हाताला चटका बघून घ्यायचा, कारण त्यांना भाजलेलं कळत नाही. बिब्बा आणि डाग मात्र नको. कंबर दुखायची थांबते ती जखम जास्त दुखते म्हणून.

आजी म्हणते, पायाळू माणसाकडून लाथ मारून घे.

माझ्या माहेरच्या गल्लीत एक पायाळू काकू होत्या. कुणाला उसण भरली की त्यांच्या दारात उभं राहायचं, त्या डाव्या पायाने पाठीवर तीनदा हलकेच चोळायच्या आणि चहा पाजून पाठवायच्या. लोक बरे व्हायचे. उसण चार-आठ दिवसांत आपोआप उतरतेच, त्यामुळे शेवटी ज्याचा हात लागला, इथे पाय, त्याला यश. हलक्या पायाने आणि चहाने नुकसान नाही. पण कण्यावर उभं राहणं, मागून कवळा घालून झटका देणं, मान-कंबर कडकड मोडणं हे वयस्कर माणसांनी आणि पायात मुंग्या येणाऱ्यांनी करून घेऊ नये.

पट्टा लावू का? वजनं लावून ताण देतात ते घेऊ का?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टा, ट्रॅक्शन (वजनं लावून ताण), अल्ट्रासाउंडचा शेक आणि नसांना झिणझिण्या देणारं टेन्स मशीन हे नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलंय. यातली दोन यंत्रं माझ्याही दवाखान्यात कोपऱ्यात आहेत, कर्ज फेडून झालेलं. लोक मशीन नसलं तर "नुसते व्यायामच सांगितले" म्हणून नाराज होतात, हे या धंद्यातलं अवघड जागेचं दुखणं. पट्टा लांबच्या प्रवासात एखाद दिवस बरा वाटत असेल तर लावा. त्याने गादी जागेवर बसत नाही.

कंबर कमी आणि पायच जास्त दुखतोय, थेट पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखं. ऑपरेशन करावं लागेल का?

ही सायटिका. नस चिडलेली असते आणि साध्या उसणीपेक्षा वेळ जास्त लागतो, सहा ते बारा आठवडे. तरीही बहुतेकांना चाकू लागत नाही. २००७ साली नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ पेशंटवर अभ्यास झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर सुटले, पण वर्षाअखेरीला दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावंच लागलं, हेही सांगायला हवं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर ऑपरेशन हा घाईचा नाही, निवडीचा प्रश्न आहे. ताकद जात असेल तर गोष्ट वेगळी, वर लिहिलंच आहे.

साठीच्या पुढच्यांचं गाऱ्हाणं निराळं असतं. चार विजेचे खांब ओलांडले की पाय भरून येतात, कट्ट्यावर टेकलं की मोकळे होतात, सायकल मात्र कितीही चालवता येते. यात नसांची वाट अरुंद झालेली असते आणि पुढे वाकलं की ती थोडी उघडते. पायातल्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरी चालताना असंच होतं, म्हणून पायाची नाडी तपासून घ्या.

सिझेरियनला कण्यात सुई टोचली तेव्हापासून कंबर दुखते.

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. सुईची जागा काही दिवस दुखते, ते खरं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी त्या सुईचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. साधं बाळंतपण झालेल्यांच्या कंबराही तितक्याच दुखतात. ताणलेलं पोट, अपुरी झोप, पोक काढून तासन् तास पाजणं, आणि पोर कडेवर घेऊन एका कुल्ल्यावर उभं राहणं, कारणं इथे असतात. पाजताना पाठीला लोड आणि बाळाखाली उशी घ्या. डिंकाचे लाडू खा, छान असतात, पण नुसत्या लाडवांनी पोटाचे स्नायू परत येत नाहीत. "अंगावरून जातं म्हणून कंबर दुखते" हाही असाच समज. नेहमीचं पांढरं जाणं कंबर दुखवत नाही. त्याला वास असेल, खाज असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा ताप असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

व्यायाम कोणता? एकच सांगा.

चाला.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांपैकी अर्ध्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं आणि फिजिओने मधून मधून समजावून सांगितलं. त्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांतच धरली. चपला आणि रस्ता, एवढंच भांडवल.

दुखणं ताजं असताना पाच मिनिटांपासून सुरू करा, दिवसातून चार वेळा. जोडीला उताणं झोपून गुडघे वाकवायचे आणि कुल्ले जमिनीवरून उचलून पाच आकडे थांबायचं, दहा वेळा. मग रांगत्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा. योगासनं आवडत असतील तर भुजंगासन, शलभासन, मकरासन करा. पश्चिमोत्तानासनाची घाई पहिल्या काही आठवड्यांत नको. करताना थोडं दुखलं आणि तासाभरात मूळपदावर आलं तर चालतं. पायात कळ उतरू लागली किंवा दुसऱ्या दिवशीही वाढलेलीच राहिली तर दोन पावलं मागे या.

जमिनीवर झोपू का?

झोप लागत असेल तर झोपा. पण फार कडक अंथरूण हे औषध नाही. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ लोकांवर करून बघितलं, कडक गादीपेक्षा मध्यम गादीवाल्यांची कंबर कमी दुखली. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी घ्या.

वजन उचलायचं सोडू का? माझं कामच हमालीचं आहे.

पोट कसं भरणार मग? "कधीच वाकू नका" हा सल्ला खुर्चीत बसलेली माणसं देतात. लावणी, खुरपणी, उसाची मोळी वाकल्याशिवाय होत नाही. वाकण्यात पाप नाही. वस्तू अंगाजवळ ठेवा, वजन हातात असताना कमरेतून वळण्याऐवजी पाय वळवा, आणि आठ दिवस घरी बसून आल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण पोती उचलू नका. अर्धी उचला, दोन खेपा जास्त. मुकादमाला चिठ्ठी हवी असेल तर मी देते, "हलकं काम, दोन आठवडे" अशी.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी: खुर्ची कितीही महागाची असो, अर्ध्या तासाने उठा.

तीन महिने झाले. रिपोर्ट नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

दुखणं खरं आहे. फक्त आता ते जखमेचं राहिलेलं नाही. जुन्या मोटारसायकलचा हॉर्न बटण न दाबता वाजत राहतो तसं इशारा देणारी यंत्रणाच हळवी झालेली असते. झोप नाही, कर्जाचा घोर, घरात आजारपण, "आपली कंबर गेली" ही धास्ती, या सगळ्यांनी तो हॉर्न आणखी मोठा होतो. म्हणून अशा पेशंटला मी पहिल्या भेटीत कंबरेइतकंच झोपेबद्दल विचारते. इथे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची घडी आणि गरज असेल तर समुपदेशन यांचा गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग होतो. वेदना शून्य होईपर्यंत थांबू नका. बंद पडलेलं एक काम निवडा, मंदिरापर्यंत चालत जाणं किंवा खाली बसून भाकरी थापणं, आणि त्याच्याकडे दर आठवड्याला थोडं सरका. कुणी पहिल्याच भेटीत महागड्या सुयांचं किंवा शिरेतून जीवनसत्त्वांचं पॅकेज सांगितलं तर घरी जाऊन विचार करा. डी जीवनसत्त्व खूप कमी असेल तर हाडं दुखतात, पण ते तपासून भरून काढायचं असतं, अंदाजाने नव्हे.

फिजिओकडे किती दिवस यायचं?

साध्या उसणीला दोन-तीन भेटी, जुनाट दुखण्याला सहा-आठ, तेही अंतराने. रोज येऊन वीस मिनिटं मशीनखाली पडून राहायला सांगणाऱ्याला एवढंच विचारा, "घरी काय करू?" आणि येताना तो एमआरआयचा लिफाफा आणलात तर मी बघेन, पण आधी तुम्हाला चालायला, वाकायला आणि टाचांवर उभं राहायला लावेन. सैल कपडे घालून या.